माडावरचा माणूस आणि आपल्या बांधावरचे झाड



आपल्या या पत्रिकेत बेणे, खोडवा, ठिबक, हुमणी आणि साखर उतारा यांवर नेहमी काही ना काही वाचायला मिळते. बांधावरच्या झाडाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. कारण उघड आहे. झाड आपल्याकडे काही मागत नाही. त्याला पाणीपाळी नाही, खताची मात्रा नाही, गट ऑफिसात नोंद नाही की तोडणीचा प्रोग्राम नाही. ते उभे असते म्हणून उभे असते. एखाद्या दिवशी आडवे झाले, म्हणजे मग त्याची किंमत कळते.

माझ्या बाबतीत असेच घडले. आमच्या विहिरीवर आजोबांच्या हातचा आंबा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फांद्या उसावर सावली धरू लागल्या, म्हणून बाजाराच्या दिवशी भेटलेल्या एका गड्याला मी ते काम उक्ते दिले. घासाघीस करून दोनशे रुपये कमी केले. गडी अनवाणी वर चढला. कमरेला दोर नव्हता. दोर आणायला तो घरी जातो म्हणाला, तर मीच म्हणालो, "कशाला उगा खोटी करतोस? अर्ध्या तासाचं काम आहे." त्याने दुपारपर्यंत झाड बोडके करून दिले. काम स्वस्तात झाले म्हणून मी खूश होतो.

पुढे गेल्या वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि त्याच आंब्याची एक बगल फाटून मोटरीच्या खोलीवर आली. पत्रे गेले, तार तुटली, स्टार्टर जळाला. पुन्हा पाणी सुरू व्हायला आठ दिवस लागले. ऐन उन्हात खोडव्याने मान टाकली ती टाकलीच. वादळाला दोष दिला आणि मी मोकळा झालो.

भाचा म्हणाला, "वादळाचा दोष नाही"

माझी धाकटी बहीण रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या बाजूला दिली आहे. दिवाळीनंतर ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-रोहा करत तिच्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, झाडांची कामे घेतो. नारळ पाडणे, माड साफ करणे, सुपारीवर फवारणी, आंब्या-फणसाची छाटणी, घरावर कललेले झाड उतरवणे, पडलेले झाड हलवणे असा त्याचा धंदा. हाताखाली चार माणसे, एक जुना टेम्पो, दोन कटर मशीन आणि दोरखंडांची एक पेटी. परदेशात या कामाचे रीतसर शिक्षण असते आणि ते करणाऱ्याला झाडांचा सर्जन म्हणतात. आमच्या भाच्याला वाडीत नुसते 'झाडवाला' म्हणतात.

रात्री जेवताना मी आंब्याची कथा सांगितली. मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "मामा, हे झाड वाऱ्यानं नाही फाटलं. दोन वर्षांपूर्वीच्या छाटणीनं फाटलं. वारा फक्त निमित्त झाला."

मला राग आला, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मी त्याच्याबरोबर हिंडलो. जे पाहिले ते आपल्या सभासदांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून हा लेख.

समुद्राकाठची वाडी

घाटावरच्या आपल्या माणसाला या पट्ट्याची कल्पना येण्यासाठी थोडे सांगतो. अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंडा आणि पुढे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत समुद्राला लागून नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. वर माड, त्याच्या सावलीत पोफळी म्हणजे सुपारीची झाडे, कुठे मिरीचे वेल, केळी, जायफळ. आपल्याकडे एकराचा हिशेब, तिकडे गुंठ्याचा आणि झाडांच्या मोजणीचा. 'आमचे पाच एकर' असे कोणी म्हणत नाही, 'इतके माड नि इतक्या पोफळी' असे म्हणतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर बाजारात नावाजलेली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे.

या वाड्यांचे सगळे उत्पन्न उंचावर असते. ते खाली आणायला माणूस चढावा लागतो. कोकणात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि पाय माडाच्या खोडावर. पोफळीवर चढणारा तर एका झाडाचा शेंडा वाकवून तिथूनच दुसऱ्या झाडावर जातो. खाली उभे राहून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हे काम करणारी माणसे आता कमी होत चालली आहेत. मुले मुंबई-पनवेलला नोकरी धरतात. त्यांचे बापच सांगतात, "माझ्यापुरतं पुरे झालं."

3 जून 2020

भाच्याचा धंदा नावारूपाला आला तो एका वाईट दिवसामुळे. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ या बाजूला येऊन गेले होते, पण निसर्गने वाड्यांची जी दैना केली ती म्हाताऱ्यांनीही पाहिली नव्हती. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट उलटले. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार रुपये केली. पण हेक्टरचा हिशेब गुंठ्यांच्या वाडीला पुरा पडेना. मग झाडामागे मदत ठरली, माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50 रुपये. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे माणसांनी काय गमावले ते समजेल.

त्या दिवसांत ज्याच्या हातात कटर तो झाडवाला झाला. रस्ते मोकळे करायचे होते, घरांवरची झाडे उतरवायची होती. "पण मामा, घाईत बरीच जगणारी झाडंही तोडली गेली," भाचा सांगत होता. "लहान माड, लहान पोफळी नुसत्या कलल्या होत्या. सरळ करून, बुडाशी माती चढवून, बांबूचा टेकू दिला की त्यातल्या पुष्कळ जगतात. आम्ही आमच्या वाडीतल्या उभ्या केल्या. ज्यांना घाई होती त्यांनी सगळी सरसकट कापली. तोडायला अर्धा तास लागतो. तेवढं झाड परत व्हायला सात वर्षं."

सकाळचे पहिले काम: बघणे

भाच्याचा दिवस सहाला सुरू होतो. आदल्या रात्री कटरची साखळी कानशीने घासून ठेवलेली असते. बोथट साखळीने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की तोल जातो, हे त्याचे पहिले सूत्र. पेट्रोलमध्ये ऑइलचे माप तो स्वतः घालतो. दोर हाताने चाचपून बघतो. ज्या दोराला कोयता लागला तो चढायच्या कामातून बाद. तो पुढे ओंडके बांधायला वापरतात.

जागेवर पोचले की लगेच कोणी चढत नाही. आधी झाडाभोवती फेरी. बुडाशी भेग आहे का? खोडावर अळंबी उगवली आहे का? कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? वर आग्या मोहोळ आहे का? लाल मुंग्यांची घरटी आहेत का? विजेची तार किती हातांवर आहे? तार जवळ असली तर महावितरणला कळवून लाईन बंद केल्याशिवाय काम सुरू होत नाही. पहिल्याच दिवशी एका बंगल्यावर असे तीन तास आम्ही नुसते बसून काढले. बंगल्याचा रखवालदार सारखा म्हणत होता, "अहो, तारेला लागत नाही, चढा ना." भाच्याने मान हलवली आणि डबा उघडला.

मग भाव. फोनवर तो भाव सांगत नाही. "झाड बघितल्याशिवाय भाव सांगणारा एक तर स्वतः बुडतो, नाहीतर गिऱ्हाइकाला बुडवतो." नारळ पाडणे आणि माड साफ करणे झाडामागे ठरते. मोठ्या झाडाचे काम उक्ते. पण उक्ते ठरवताना तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्या जातात. फांदी नेमकी कुठून तोडायची, लाकूड कोणाचे, आणि पालापाचोळा कोणी उचलायचा. "भांडण कापण्यावरून होत नाही मामा, लाकडावरून होतं," तो म्हणाला. आपल्याकडे वाढे कोणाचे यावरून फडात होतात त्याच जातीची ही भांडणे.

कागदपत्रांचे भानही लागते. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत आहेत. ती आपल्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातच लावायचा नाही. भाचा गिऱ्हाइकाला सांगतो, "आधी परवानगीचा कागद दाखवा, मग कटर चालू." त्यामुळे त्याची काही कामे जातात. ती जाऊ देतो.

कुठे कापायचे आणि कुठे नाही

आता मूळ मुद्दा. माझ्या आंब्याचे काय चुकले, ते त्याने मला एका फणसाच्या फांदीवर दाखवले.

जाड फांदी वरून एकदम कापली, तर ती अर्धी तुटल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येते आणि येताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून हात-सव्वा हात अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, साधारण पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी पडते, पण साल तिथेच थांबते. तिसरा काप राहिलेल्या खुंटाचा. हा तिसरा काप सर्वांत महत्त्वाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते. ते कडे सोडून, त्याच्या लगेच बाहेर कापायचे. खोडाला घासून कापले तर कडे जाते आणि जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि ती कूज आत उतरते.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे चिरून हीच गोष्ट जगाला पटवून दिली. माणसाची जखम नव्या मांसाने भरून येते. झाडाचे तसे नसते. कुजलेला भाग झाड परत चांगला करू शकत नाही. ते फक्त त्याच्याभोवती भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत जाते. त्या कड्यात ही भिंत घालायची ताकद असते. म्हणून कडे जपायचे.

माझ्या गड्याने दोन्ही चुका केल्या होत्या. काही फांद्या खोडाला घासून, काही हातभर खुंट ठेवून. शिवाय शेंडा बोडका केल्यामुळे तिथून झुबक्यासारखे नवे फुटवे आले. ते वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात, आतून पक्के बसलेले नसतात. दोन वर्षांत ते जड झाले, आतून कूज उतरली, आणि वारा आला. भाच्याने फोटोवरून ओळखले ते एवढेच.

कापल्यावर कोकणात बोर्डोची पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे चालत नाही. हेच एक-एक किलोचे प्रमाण शंभर लिटर पाण्यात केले म्हणजे फवारणीचे एक टक्का बोर्डो मिश्रण होते. पोफळीला कोळे रोगाने फळगळ होऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर एकदा आणि पुढे दीड महिन्याने एकदा ते घडांवर मारतात.

बांडगुळाचेही तेच. नुसते ओरबाडून काढले तर ते परत फुटते, कारण त्याची मुळी फांदीच्या आत गेलेली असते. ते जिथे धरले आहे त्याच्या खालून फांदीच काढावी लागते. आपल्या बांधावरच्या किती आंब्यांवर बांडगूळ आहे ते जरा मान वर करून बघा.

माडाला किती कापावे

माडाबद्दल एक गोष्ट मला नवी होती. चांगल्या माडाला वर्षाला साधारण बारा पाने येतात, म्हणजे महिन्याला एक. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय. म्हणजे हिरवी झावळी तोडली की त्या बेचक्यातल्या नारळांवर परिणाम होतो. बंगलेवाल्यांना माड छत्रीच्या काडीसारखा साफ हवा असतो. भाचा फक्त वाळलेली झावळी, जुनी पोय आणि जाळी काढतो, हिरवीला हात लावत नाही.

हिरवी जखम झाली की सोंड्या भुंग्याला वाट मिळते. हा भुंगा खोडाच्या जखमेत अंडी घालतो, अळी आतून गाभा खाते आणि वर शेंडा मान टाकेपर्यंत बाहेर काही कळत नाही. चढायला सोपे जावे म्हणून खोडात खाचा पाडायची जुनी रीत आहे, तीही याच कारणाने शास्त्रज्ञ नको म्हणतात. गेंड्या भुंगा मात्र शेंड्यातून शिरतो. त्याने खाल्लेली झावळी उलगडली म्हणजे कात्रीने कापल्यासारखी दिसते. तो तारेच्या आकड्याने ओढून काढतात आणि वरच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून त्यावर बारीक वाळू घालतात. त्याची पैदास होते उकिरड्यात. म्हणजे झाडाचा रोग पुष्कळदा शेणाच्या खड्ड्यातून येतो.

वही सांभाळणारा माणूस

धंद्याचे हंगाम ठरलेले आहेत. मार्च ते मे पावसाआधीच्या कामांची गर्दी. आंब्याची हलकी छाटणी फळ उतरल्यावर लगेच. जून ते ऑगस्ट पडलेल्या झाडांचे फोन, तेही रात्री-अपरात्री. नारळी पौर्णिमा ते गणपती नारळाला मागणी. हिवाळ्यात सुपारीची काढणी आणि मुंबईच्या लोकांचे बंगले. मध्ये असे आठवडे येतात की एकही काम नसते. पण माणसे टिकवायची तर त्यांना त्या आठवड्यातही काहीतरी द्यावे लागते. नाहीतर ती दुसरीकडे जातात आणि गर्दीच्या वेळी नवशिक्याला चढवावे लागते. मजुरी दर शनिवारी रोख. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र कधी महिन्याने, कधी दिवाळीला.

या सगळ्याची वही भाचा स्वतः लिहीत नाही. त्याच्या पडवीत एक तिशीतला माणूस खुर्चीवर बसून फोन घेतो, पत्ते लिहितो, उधारी मागतो. फार गोड बोलतो. पहिल्या दिवशी मला वाटले, हिशेबनीस ठेवला असेल. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की ती खुर्ची चाकांची आहे.

तो भाच्याचा जोडीदार. दोघांनी मिळून हा धंदा काढला. वादळानंतरच्या त्या पावसाळ्यात कामे संपत नव्हती. एका वाडीत ओल्या माडावर तो दोर न लावता चढला. मालक खाली उभा राहून घाई करत होता. पाय सुटला. कणा गेला. जीव वाचला, पण कमरेखाली हालचाल नाही.

पैसे कुठून आले ते ऐका. आईचे दागिने, गावाची वर्गणी, भाच्याने टेम्पोवर काढलेले कर्ज. विमा नव्हता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची शासनाची योजना आहे. ती 2023 पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालते आणि तिच्यात उंचावरून पडणेही धरले आहे. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या माडावर चढणाऱ्याचे नाव कुठल्या सातबाऱ्यावर असणार?

मी त्या माणसाला विचारले, "त्या मालकाचा राग येत नाही का?" तो हसला. म्हणाला, "काका, मालक वाईट नव्हता. त्यालाही वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे."

सभासदहो, हे शब्द ऐकले आणि मला माझ्या विहिरीवरचा तो गडी आठवला. दोर आणायला निघालेल्या माणसाला मी हेच म्हणालो होतो. माझा गडी सुखरूप खाली आला, यात माझे काही पुण्य नव्हते.

तेव्हापासून भाच्याचा नियम आहे. कमरेचा पट्टा, दोन दोर आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय पाय वर नाही. पावसात चढाई नाही. खाली एक माणूस सतत दोर धरून, त्याने दुसरे काही करायचे नाही. यामुळे त्याचा भाव इतरांपेक्षा जास्त पडतो आणि काही गिऱ्हाइके जातात. नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढायच्या यंत्राचे सहा दिवसांचे प्रशिक्षण चालू केले. केरळातल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने काढलेले ते दोन पायऱ्यांचे यंत्र आहे, खोडाला तारेचा वेढा घालून पायरी-पायरीने वर जाता येते. त्याच मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा ही विमा योजना आहे, तिच्या हप्त्याचा मोठा वाटा मंडळ भरते. शिवाय चौघांचाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढला आहे. त्याचा हप्ता वर्षाला 20 रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. त्या वेळी तो हप्ता 12 रुपये होता. बारा रुपयांचा कागदही काढलेला नव्हता, ही सल भाच्याच्या मनातून जात नाही.

आपण काय करावे

आपल्या भागात माडांच्या वाड्या नाहीत. पण बांधावर आंबा, चिंच, कडुनिंब, बाभूळ आहे, घरासमोर दोन नारळ आहेत, आणि विहिरीवरून, घरावरून तारा गेल्या आहेत. म्हणून काही गोष्टी सुचवतो.

एक, पावसाळ्याआधी, शक्य तर मार्च-एप्रिलमध्ये, प्रत्येकाने आपल्या झाडांभोवती एक फेरी मारावी. वाळलेल्या फांद्या, बांडगूळ, बुडाची भेग, तारेपासूनचे अंतर एवढे बघावे.

दोन, शेंडा बोडका करू नये. फांदी कड्याच्या बाहेर, तीन कापांत काढावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी.

तीन, तारेजवळचे काम लाईन बंद करून घेतल्याशिवाय करू देऊ नये, आणि झाड पाडायचे असेल तर आधी परवानगी.

चार, चढणाऱ्याकडे दोर नसेल तर काम देऊ नये. दोर लावायला वेळ लागला तर तो वेळ आपण द्यावा. घासाघीस करायचीच तर लाकडाच्या भावात करावी, दोराच्या वेळात करू नये. कामावर येणाऱ्या माणसाचा 20 रुपयांचा विमा आहे का, हे विचारावे. नसेल तर त्याला बँकेत पाठवून काढून घ्यावा. आपल्या फडातल्या तोडणीवाल्यांनाही हे लागू आहे.

पाचवी गोष्ट संचालक मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. आपल्या गटागटांतून चार-सहा होतकरू तरुण निवडून त्यांना छाटणीचे रीतसर शिक्षण मिळेल अशी सोय शेती खात्याने करावी. कृषी विद्यापीठे आणि नारळ विकास मंडळ आहेतच. पट्टे, दोर आणि एक कटर कारखान्याने किंवा सेवा सोसायटीने घेऊन भाड्याने द्यावे. बाराही महिने काम नसले, तरी गाळप संपल्यावरच्या दिवसांत या मुलांच्या हाताला काम मिळेल.

निघायच्या दिवशी भाचा आणि त्याचा एक गडी माझ्याबरोबर घाट चढून आले. आंबा बघितला. भाचा दोर लावून वर गेला, फाटलेली बगल तीन कापांत साफ केली, जुने खुंट काढले, झुबक्यातले दोन-दोन चांगले फुटवे ठेवून बाकीचे काढले. खाली गडी दोर धरून उभा होता. सबंध दिवस गेला. पैसे विचारले तर भाचा म्हणाला, "मामाकडून काय घ्यायचं?" मी म्हणालो, "बाबा, गड्याचा रोज आणि दोराचा वेळ तरी घे." तेवढे त्याने घेतले.

आंबा आता निम्माच राहिला आहे. पण कापाच्या कडेने नव्या सालीची गोल वळी धरू लागली आहे. आजोबांचे झाड आणखी काही वर्षे निघेल असे वाटते.

आणि बाजारात तो जुना गडी भेटला, त्याला विचारले, "दोर घेतलास का?" म्हणाला, "नाही जी, परवडत नाही." त्याचा दोर मी घेऊन दिला. दोनशे रुपये मी त्याचे देणे लागत होतो. वरची भर माझी.